आयकॅन म्हणजे इंटरनेटवरची नावं आणि पत्ते सांभाळणारी संस्था. तिच्या संचालक मंडळात कोण कुठला, हे कसं तपासाल?

मी फोटो बघत बसत नाही, थेट उपविधी उघडते. मताधिकार असलेले संचालक 16, प्रदेश 5. अध्यक्ष-सीईओ वगळता प्रत्येक प्रदेशाचा किमान एक, कुणाचेही पाचांहून जास्त नाहीत. गणित सोपं आहे.

खरी मेख प्रदेश ठरवण्यात आहे. नागरिकत्व एका देशाचं, पण पाच वर्षांहून जास्त वास्तव्य दुसऱ्या देशात असेल, तर दोन्हींपैकी देश उमेदवारच निवडतो. म्हणून उमेदवाराचं हितसंबंधांचं निवेदन वाचा: नोकरी कुठे, पगार कुणाचा. आणि आशिया, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिक हा सगळा एकच प्रदेश, बरं का!

जाब विचारायचाय? 2016 पासून ‘सक्षम समुदाया’ला, म्हणजे आयकॅनमधल्या सहभागी गटांच्या एकत्रित मंचाला, संचालक हटवता येतात, अंदाजपत्रक फेटाळता येतं. आयकॅनचा एखादा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला झाला की कलम क्रमांकासह लिहा. मोघम नाराजी सूचनांच्या सारांशात विरून जाते.