आठवड्यात पाच तास आणि सायकल शर्यतीची तयारी

नोकरी सांभाळून शर्यतीत उतरू पाहणाऱ्याला आठवड्यात पाच-सहा तासच मिळत असतील, तर ते रोज थोडे थोडे वाटून टाकण्यापेक्षा दोन जोरकस सत्रे आणि सुट्टीच्या दिवशी दोन-अडीच तासांची एक संथ फेरी अशी आखणी करावी. जोरकस सत्रात १५ मिनिटे अंग गरम केल्यावर ८ मिनिटे असा वेग धरावा, की तुटक दोन-चार शब्दच बोलता येतील. मग ४ मिनिटे हलके पेडल मारावे आणि हेच चार वेळा करावे. चौथ्या खेपेला वेग ढासळत असेल, तर पहिली खेप अधाशीपणे मारली असे समजावे. संथ फेरीत मात्र सहज गप्पा मारता आल्या पाहिजेत, आणि नवशिके नेमके इथेच चुकतात: कोणी ओलांडून गेले, की पाय आपोआप जोर धरतात (माझेही धरत).

पुढच्या सायकलच्या आडोशाने बरीच ताकद वाचते, म्हणून घोळक्यात चालवण्याचा सराव हवाच. त्या वेळी नजर पुढच्याच्या चाकावर न खिळवता त्याच्या खांद्यांपलीकडे ठेवावी आणि आपले पुढचे चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला येऊ देऊ नये. शर्यतीच्या आठवड्यात तास निम्मे करावेत. जोरकस खेपा थोड्या, पण त्याच वेगाने माराव्यात.