आधी तक्ता, मग एआय

आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर घेणाऱ्या अ‍ॅपसाठी एआयला थेट ‘टेस्ट लिही’ म्हटलं की एकाच सरळ वाटेच्या वीस टेस्ट पदरात पडतात. त्यापेक्षा आधी मॉडेल द्या, म्हणजे ऑर्डर कोणत्या कृतीने कोणत्या अवस्थेत जाते याचा तक्ता.

१. एकच फ्लो घ्या. अवस्था लिहा: कार्ट, पेमेंट बाकी, पक्की, रवाना, रद्द.

२. तीन रकाने आखा: आत्ताची अवस्था, कृती, पुढची अवस्था. कागदावर चालेल.

३. हा तक्ता देऊन एआयला फक्त अवस्था आणि कृतीच्या सुटलेल्या जोड्या विचारा. खरी कमाई इथेच. देवगडात रेंज गेली आणि ‘पैसे भरा’ दोनदा दाबलं तर? पेटी रवाना झाल्यावर ‘रद्द’ दाबलं तर? उत्तर मात्र बागायतदाराला विचारून तुम्ही ठरवा.

४. तक्ता ग्राफवॉकरमध्ये (मॉडेलवरून टेस्टचे मार्ग काढणारं टूल) भरा, एज कव्हरेज १०० ठेवा, म्हणजे तक्त्यातली प्रत्येक ओळ एकदा तरी चालून होईल. मार्ग तो काढेल. एआयकडून प्रत्येक कृतीचा कोड तेवढा घ्या. मार्ग रँडम काढणारा जनरेटर वापरलात तर त्याचा सीड (ज्या आकड्यावरून तोच मार्ग पुन्हा निघतो) नोंदवा, नाहीतर फेल झालेला मार्ग पुन्हा हाती लागत नाही.

जपा: अपेक्षित निकाल एआयला कोड वाचून लिहायला लावू नका. कोडमधली चूकच मग ‘बरोबर’ म्हणून पास होते.