सिंदखेड राजा आणि लोणारची सहल : मुलांसोबत जाणाऱ्या शिक्षकांसाठी

सहलीची तारीख ठरवण्याआधी सोबत जाणाऱ्या शिक्षकांपैकी एकाने तरी ती स्थळे स्वतः पाहून यावीत. पूर्वी पाहिली असली तरी पुन्हा जावे, कारण आपण पाहुणे म्हणून गेलो असताना जे दिसत नाही ते चाळीस मुलांची जबाबदारी डोक्यात घेऊन गेल्यावर दिसते : मुलींसाठी स्वच्छतागृह कोठे आहे आणि त्यात पाणी आहे का, बस कोठे उभी राहील, कोणत्या भिंतीला कठडा नाही, डबे खायला सावली कोठे आहे. सिंदखेड राजाला जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांचा राजवाडा वाहत्या रस्त्यालगत आहे. बस वाड्याच्या बाजूलाच थांबवायला चालकाला आधी सांगून ठेवावे. दार उघडण्यापूर्वी एका शिक्षकाने खाली उतरून दाराशी उभे राहावे आणि मुलांना दोघा-दोघांच्या रांगेने उतरवावे. सहलीतील खरा धोका मला गडकोटांपेक्षा या उतरण्याच्या दोन मिनिटांत अधिक वाटतो.

१२ जानेवारी हा जिजाऊंचा जन्मदिवस (१५९८) असल्याने त्या सुमारास सिंदखेडला राज्यभरातून लोक येतात. तो सोहळा पाहण्यासारखा असला तरी लहान मुलांना घेऊन त्या गर्दीत जाऊ नये. डिसेंबरमधला कामाचा दिवस उत्तम, मात्र त्या वेळी आपल्याकडे कापसाची वेचणी चालू असते. पालक उजाडताच वावरात जातात, त्यामुळे संमतीपत्रे मुलांच्या हाती देऊन ती परत येण्याची वाट पाहण्याऐवजी संध्याकाळी घरोघरी जावे. पत्र वाचून दाखवावे, मगच सही किंवा अंगठा घ्यावा आणि त्याच भेटीत मुलाला दमा, फिट किंवा कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे विचारून घ्यावे. अशा गोष्टी आई ओट्यावर बसून सांगते, कागदावर लिहून देत नाही. पैशांअभावी कोणी मागे राहत असेल तर तेही तेव्हाच कळते आणि चारचौघांत न बोलता त्याची सोय करता येते. एसटीकडून शालेय सहलींना सवलत मिळते, म्हणून वरिष्ठांची लेखी परवानगी हाती येताच आगारात अर्ज द्यावा.

दहा मुलांमागे एक शिक्षक असावा आणि मुली असतील तर शिक्षिका हवीच. प्रत्येक शिक्षकाकडे आपल्या दहा मुलांची नावे व पालकांचे फोन क्रमांक लिहिलेला कागद असावा. मोबाइलची बॅटरी संपते, कागद संपत नाही. हजेरी डोकी मोजून नव्हे, नाव पुकारून घ्यावी. हा धडा मला एका सहलीत मिळाला. बस सुटताना मी मुले मोजली, छत्तीस भरली, आणि बस निघाली. थोडे अंतर गेल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, हा आपल्या शाळेचा नाही.” तसाच पांढरा सदरा आणि निळी चड्डी घातलेला दुसऱ्या शाळेचा एक मुलगा आमच्या बसमध्ये बसला होता, आणि आमचा चौथीतला मुलगा तलावाच्या काठी राहिला होता. आम्ही परतलो तेव्हा तो चपला हातात धरून, न रडता, जेथे रांग लावली होती त्याच जागी उभा होता. “चुकलास तर शेवटची रांग जेथे होती तेथेच थांब” एवढे मी त्यांना सकाळी सांगितले होते. तेवढे आपणही सांगावे, आणि मुलांकडून वदवून घ्यावे.

वाड्यात शिरल्यावर लांब भाषण देऊ नये. जिजाऊंचा जन्म झाला तो म्हाळसा महाल दाखवावा आणि भिंतीची जाडी मुलांना वितीने मोजायला लावावी. एकदा मोजायला लागले की ती भिंत इतकी जाड का बांधली, हा प्रश्न त्यांचे तेच विचारतात. नंतर लखुजीरावांच्या समाधीपाशी शांत बसवून सांगावे, की १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू मारले गेले. जिजाऊंनी एकाच दिवशी वडील, भाऊ आणि भाचा गमावला, हे ऐकल्यावर मुले आपोआप हळू बोलू लागतात. दगडावर नाव कोरू नये, हे तेथेच सांगावे.

लोणारला दैत्यसूदन मंदिरात बॅटरी न्यावी, कारण छतावरचे कोरीवकाम अंधारात दिसत नाही. सरोवराचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. लहान मुलांना खाली न उतरवता ते काठावरूनच, हात धरून दाखवावे. पाणी खारे व अल्कधर्मी आहे, ते पिण्याजोगे नाही. कोठेही आग्या मोहोळ दिसले तर मुलांना आवाज न करता मागे न्यावे. दगड मारणे आणि धूर करणे कटाक्षाने टाळावे.

गाडी लागणाऱ्या मुलांना पुढच्या बाकावर बसवावे, पिशव्या जवळ ठेवाव्यात आणि सकाळी पोटभर खाऊ घालू नये. प्रथमोपचार पेटी चालकाजवळ असावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२.

परतताना अंधार पडतो. मुलांना शाळेच्या फाटकाशी सोडून आपले काम संपत नाही. पालक समोर दिसल्याशिवाय नावापुढे खूण करू नये. तांड्यावरच्या किंवा वस्तीवरच्या मुलांना घ्यायला बहुधा कोणी येऊ शकत नाही, त्यांना एका शिक्षकाने बॅटरी घेऊन घरापर्यंत पोचवावे, आणि दार उघडून आईने मुलाला आत घेतल्यावरच शेवटची खूण करावी.