जर्मनीत स्वस्त शिलाई मशीन घेताय? मी केलेल्या या चुका टाळा

लेकीची शाळा सुरू व्हायला दोन महिने होते, तेव्हा बालवाडीतून चिठ्ठी आली: शुलट्यूटं तयार करायला घ्या. जर्मनीत पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या हातात खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला, जवळजवळ त्याच्या निम्म्या उंचीचा एक शंकू देतात. पुठ्ठ्याचा विकत मिळतो, पण बऱ्याच आया कापडाचा शिवतात, वर मुलाचं नाव घालतात आणि नंतर त्यात कापूस भरून उशी करतात. मी मूळची कराडची. आत्या आयुष्यभर ब्लाऊज शिवत आलेली, आणि दहावीच्या सुट्टीत तिने मला पायमशीनवर बसवलेलं. म्हटलं, यात काय अवघड? फक्त घरात मशीन नव्हतं.

पुढच्या तीन आठवड्यांत मी दोन मशिनं घेतली. एक 40 युरोचं, कोरं. दुसरं 25 युरोचं, माझ्यापेक्षा वयाने मोठं. कोरं आता तळघरात पडून आहे. लेकीची शुलट्यूटं, फाशिंगच्या सणाचा वाघाचा पोशाख, माझे तीन ब्लाऊज आणि घरातले सगळे पडदे जुन्यावर झाले.

पहिली चूक मात्र मशीन घेण्याच्याही आधीची. आईकडचं मशीन घेऊन यावं असं माझ्या मनात होतं. जर्मनीत हे अशक्य नाही, कारण वीज भारतासारखीच, 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. पण काळ्या मशीनचं नुसतं लोखंडी डोकंच दहा-बारा किलोच्या घरात जातं, म्हणजे 23 किलोच्या बॅगेत अर्धी जागा त्याचीच. शिवाय आपली तीन गोल पिनांची प्लग इथल्या सॉकेटात बसत नाही आणि भारतातली वॉरंटी इथे कुणी विचारत नाही. अमेरिका-कॅनडावाल्यांचं आणखी अवघड. तिथे 120 व्होल्ट. भारतातलं मशीन तिथे मरगळल्यासारखं चालतं. आणि उलट, अमेरिकन दुकानातून स्वस्त मिळालं म्हणून 120 व्होल्टचं मशीन जर्मनीत आणून लावलं तर मोटर जळते. मोबाईलच्या चार्जरवर 100 ते 240 लिहिलेलं असतं, म्हणून आपण सगळ्याच वस्तूंना तसं समजतो. मशीनच्या मोटरवर किंवा पेडलखाली चिकटवलेली पट्टी वाचा. तिथे एकच आकडा असेल तर तोच खरा.

खेळण्याला मशीन समजू नका

ते 40 युरोचं माझं कोरं मशीन दिसायला गोड होतं. फिकट हिरवं, बॅटरीवरही चालणारं, आत छोटा दिवा. सुती रुमालाला त्याने टीप मारली आणि मी खूश झाले. शुलट्यूटंच्या तळाशी कापडाचे चार थर येतात. तिथे सुई खाली गेली ती वर येईना. टाक्याची लांबी बदलायची सोय नाही, उलटी टीप नाही, त्यामुळे शिलाईचं टोक पक्कं करायचं तर हाताने गाठ मारा.

याहून वाईट म्हणजे स्टेपलरसारखं हातात धरायचं मशीन. ते एकाच दोऱ्याने साखळी टाका घालतं. साखरेच्या पोत्याचं तोंड कसं उघडतो आपण? नेमकं टोक सापडलं की एका झटक्यात सगळी शिलाई सुर्रकन निघते. पँटच्या दुमडीचं तसंच होतं, आणि होतं तेव्हा आपण बहुधा बसस्टॉपवर असतो.

दुकानात दुसरी भुरळ असते टाक्यांच्या संख्येची. साठ टाके, शंभर टाके, बदकांची रांग, पानाफुलांची वेल. आपल्याला लागतं काय? सरळ टीप, झिगझॅग, उलटी टीप आणि काज. साडीचा पिको बारीक, दाट झिगझॅगने घरी होतो. फॉल तर हातानेच छान बसतो. त्याच पैशात बदकं देणारं मशीन आणि बदकं नसलेलं मशीन समोर असेल तर बदकं नसलेलं घ्या. ते पैसे बहुधा लोखंडात गेलेले असतात.

नवंच हवं असेल तर साधं यांत्रिक मशीन शंभर ते दोनशे युरोंत येतं. आल्डी आणि लिडल या स्वस्त सुपरमार्केटांतही अधूनमधून शिलाई मशिनं येतात. तिथलं घेणं वाईट नाही, फक्त त्याची बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ), फूट (कापड दाबून धरणारा पाय) आणि सुया नंतर कुठे मिळतील हे आधी बघा. नव्या मालावर दुकानदाराची कायदेशीर जबाबदारी दोन वर्षांची असते, आणि ऑनलाइन घेतलं तर चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतं. दुकानात जाऊन घेतलेल्याला हा चौदा दिवसांचा हक्क नाही. तिथे परत घेणं दुकानाच्या मर्जीवर. मला हे उशिरा कळलं.

जुनं घेताना जाहिरातीतले शब्द वाचा

खरा स्वस्त माल जुन्यात आहे. हा देश शिवणयंत्रांचा. फाफ कंपनी 1862 मध्ये कायझर्सलाउटर्नला सुरू झाली, आणि इथल्या कितीतरी आज्यांच्या तळघरात अजून एखादं लोखंडी मशीन झाकून ठेवलेलं असतं. ही मशिनं क्लाइनआन्त्सायगन या साइटवर वीस-तीस युरोंपासून मिळतात. ट्रान्सलेटरवर जाहिरात वाचली की सगळं छानच वाटतं, म्हणून काही शब्द मूळ जर्मनमध्ये ओळखीचे करून ठेवा. 'डेफेक्ट' तर कळतंच. 'फ्यूर बास्टलर' म्हणजे खटपट्या माणसासाठी, अर्थात चालत नाही. 'उनगेप्र्यूफ्ट' म्हणजे तपासलेलं नाही. यातलं निम्मं तपासलेलं असतं आणि चाललेलं नसतं, हे माझं मत. 'डाखबोडनफुंड' म्हणजे माळ्यावर सापडलेलं. 'नूर आबहोलुंग' म्हणजे येऊन घेऊन जा. हे उलट चांगलं, कारण कुरिअरने पाठवलेलं जुनं मशीन थर्माकोलमध्येही तुटतं. किमतीपुढे 'फाऊ बे' (VB) ही दोन अक्षरं असली तर घासाघीस चालते. आपल्या मंडईतली सवय इथे कामी येते, फक्त आवाज जरा कमी ठेवायचा.

खाजगी माणूस विकताना 'कसलीही जबाबदारी नाही' असं लिहू शकतो आणि ते चालतं. म्हणून टीप बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. बघायला जाताना मी पिशवीत चार गोष्टी नेते: नवी सुई, चांगला दोरा, सुती कापडाचा तुकडा आणि जुन्या जीन्सची घडी. विकणाऱ्याच्या मशीनमधली सुई वर्षानुवर्षं तीच असते. तिच्यावर मशीनची परीक्षा घेणं म्हणजे फाटक्या चपलेवर धावपटूची परीक्षा.

आधी वीज न लावता हाताचं चाक स्वतःकडे फिरवा. नेहमी स्वतःकडेच, उलटं फिरवलं की दोरा आत अडकतो. जड पण एकसारखं फिरलं तर घाबरू नका. एका ठरावीक जागी खटकलं, किंवा सुई खाली जाताना पत्र्याला टेकली, तर सोडून द्या. जुन्या मशीनच्या आत प्लॅस्टिकचं दातेरी चाक असेल तर ते वयाने तडकतं, आणि तो भाग मशीनपेक्षा महाग पडतो. मग वीज लावून पेडल हळू दाबा. पाय काढल्यावरही मशीन चालत राहिलं किंवा पेडलमधून जळका वास आला तर ताबडतोब प्लग काढा. जुन्या पेडलमधले कपॅसिटर असेच जातात. बदलता येतात, पण मग किंमत त्या हिशेबाने बोला. शेवटी सुती कापडावर एक टीप, झिगझॅग, आणि जीन्सच्या चार थरांवरून एक टीप. कापड उलटं करून खालची बाजू बघा.

पेडल, वायर, बॉबिन आणि बॉबिन केस जागेवर आहेत ना, हेही बघा. पेडलची पिन प्रत्येक कंपनीची वेगळी असते. मशीन 20 युरोचं आणि पेडल 40 चं, हे माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत झालंय.

माझं 25 युरोचं मशीन शेजारच्या गावातल्या एका आजींकडचं. आधी साठ युरो म्हणत होत्या. चाक फिरवलं तर गुळाच्या पाकात फिरवल्यासारखं. नवऱ्याने डोळ्यांनीच 'चल' म्हटलं. पण कुठे खटकत नव्हतं, सगळीकडे सारखंच जड. आजी म्हणाल्या, 'फरहार्त्स्ट', म्हणजे तेल राळेसारखं घट्ट झालंय. पंधरा वर्षं चाललं नव्हतं. घरी आणून हेअर ड्रायरने गरम केलं, सांध्यासांध्यांत मशीनचं तेल टाकलं, चाक फिरवलं, पुसलं, परत तेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते एका बोटाने फिरायला लागलं. हे सगळं करायला वेळ नसेल तर मेकॅनिककडे साफसफाईला पन्नास ते शंभर युरो धरून चला, किंवा गावात रिपेअर कॅफे भरतो का ते शोधा. ही कल्पना 2009 मध्ये अॅमस्टरडॅमला सुरू झाली आणि जर्मनीतही खूप पसरली. स्वयंसेवक तुमच्यासोबत बसून वस्तू उघडतात, आपण ऐच्छिक पैसे टाकायचे.

मशीन बिघडलंय असं ठरवण्याआधी

पहिल्याच रात्री कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा हा एवढा गुंता. मी बॉबिन काढली, घातली, परत काढली. बॉबिन केसचा स्क्रूही पिळला, जो अजिबात पिळायचा नसतो. शेवटी आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

"खाली गुंता होतोय ना? मग वरचा दोरा बघ."

"आत्या, गुंता खाली आहे."

"अगं, म्हणूनच तर वरचा बघ म्हणतेय. ओवताना फूट वर होतं का खाली?"

खाली होतं. फूट खाली असलं की दोऱ्याला ताण देणाऱ्या, म्हणजे टेन्शनच्या, दोन चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे बसतच नाही, वरवर तरंगतो. मग वरून ताणच नाही, आणि सगळा दोरा खाली ओढला जाऊन गुंता होतो. फूट वर करून पहिल्यापासून ओवलं, गुंता गेला.

दुसऱ्या दिवशी टाके सुटायला लागले. ही चूक मी गावाहून सोबत आणलेली. आपल्या काळ्या सरळ टिपेच्या मशीनवर दोरा सुईत बाजूने ओवतात. इथल्या झिगझॅग मशीनवर समोरून मागे ओवायचा, आणि सुईच्या दांड्याची सपाट बाजू मागे. मी सवयीने सुई बाजूला तोंड करून घट्ट केली होती. पायमशीनवर हात बसलेल्या प्रत्येकीने हे एकदा तपासावं.

सुईबद्दल आणखी. घरगुती मशीनच्या सुयांची पाकिटं घेताना त्यावर 130/705 H लिहिलेलं बघा. आपण ज्याला 14 नंबर म्हणतो ती इथे 90/14, आणि 90 म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. पुढे 'जे' (J) हे अक्षर असेल तर जीन्ससाठी, 'एस' (S) असेल तर ताणणाऱ्या कापडासाठी, 'एम' (M) असेल तर रेशीम आणि दाट विणीच्या कापडासाठी. टी-शर्टवर टाके सुटत असतील तर टेन्शनच्या चकतीशी खेळत बसू नका, एसची सुई घाला. रेशमी ब्लाऊजपीसला मी एमची 70 वापरते, धागा ओढला जात नाही.

जुन्या मशीनसोबत रंगीबेरंगी रिळांचा डबा फुकट मिळतो. मलाही मिळाला, आणि आठवडाभर दोरा तुटतोय म्हणून मी मशीनला नावं ठेवत होते. जुना सुती दोरा कुजतो. दोन हातांत धरून झटका द्या, सहज तुटला तर बटणं लावायलाही नको. डबा मात्र ठेवा, सुंदर असतो.

आणि तेल. आमच्याकडे मशीनला खोबरेल तेल घालणाऱ्या बायका मी पाहिल्यात. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. जर्मन तळघरात वर्षभर तेवढी ऊब नसते, तेव्हा मशीनमध्ये खोबरेल म्हणजे लोणीच. गंज काढायचा स्प्रेही नको, तो असलेलं तेल धुऊन काढतो. शिलाई मशीनचं पांढरं तेल चार-पाच युरोंना मिळतं आणि वर्षानुवर्षं पुरतं. नव्या प्लॅस्टिकच्या मशीनला मात्र पुस्तिका वाचूनच तेल घाला. काहींना घालायचंच नसतं.

आता राहिला आवाज. लोखंडी मशीन टेबलावर धडधडतं आणि ते खालच्या घराच्या छतात ऐकू जातं. इथे रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, आणि रविवारी दिवसभर. मी एका रविवारी दुपारी पडदे शिवायला बसले, अर्ध्या तासात खालच्या काकू दारात. चिडलेल्या नव्हत्या, फक्त घड्याळ दाखवत होत्या. तेव्हापासून मशीनखाली आईने दिलेली गोधडी चौघडी करून घालते, आणि रविवारी फक्त कापड कापते. त्या काकूंच्या स्कर्टची चेन मी गेल्या महिन्यात बदलून दिली. शनिवारी.