डेलावेअर उपसागरावर हॉर्सशू क्रॅब आणि किनारपक्षी कसे पाहावेत

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या उपसागरात हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा समुद्री प्राणी) अंडी घालायला वाळूवर येतात आणि ती अंडी खायला किनारपक्ष्यांचे थवे उतरतात. ‘मे महिन्यात कधीही जा, सगळं दिसतं,’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. चुकीच्या वेळी गेलात तर नुसती वाळू दिसते.

मेचा दुसरा पंधरवडा धरा. न्यू जर्सीच्या बाजूला रीड्स बीच, डेलावेअरच्या बाजूला मिस्पिलियन हार्बर किंवा स्लॉटर बीच. दुर्बीण आणि गमबूट घ्याच.

खरी मेख वेळेची आहे, आणि ती बसवायला मलाही बरेच दिवस लागले. क्रॅब आणि पक्षी एकाच फेरीत उरकायला जाऊ नका. क्रॅब अंडी घालायला मुख्यतः अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला, तेही रात्रीच्या भरतीला जास्त येतात. भरतीच्या वेळेच्या जरा आधी पोहोचा आणि पाणी ओसरू लागेपर्यंत थांबा. पक्ष्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळी या. रात्रीच्या भरतीनंतर साधारण साडेबारा तासांनी पुढची भरती येते. ती ओसरायला लागली की ओल्या वाळूत उघडी पडलेली अंडी टिपायला रेड नॉट, टर्नस्टोन, सँडरलिंग पाण्याच्या कडेला दाटीवाटीने उतरतात. भरतीचं कोष्टक मात्र जवळच्याच भरती-मापन केंद्राचं बघा. उपसागराच्या तोंडाशी भरती आधी येते, आत उशिरा. शिवाय ती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या वेळेवर आज जाऊ नका.

वाऱ्याबद्दल कोणी बोलतच नाही. लाटा उसळल्या की क्रॅब किनाऱ्याला फारसे येत नाहीत, मग पौर्णिमा असो की काही. पश्चिमेचा वारा असेल तर डेलावेअरची बाजू आडोशाची. पूर्वेचा असेल तर न्यू जर्सीची.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाहून आलेला रेड नॉट इथे साधारण १२० ग्रॅमचा उतरतो आणि आर्क्टिक गाठायला त्याला १८० ग्रॅमच्या आसपास व्हावं लागतं, तेही दोनेक आठवड्यांत. थवा उडवून फोटो काढणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच. न्यू जर्सीत ७ मे ते ७ जून बरेच किनारे बंद असतात. तिथे ठरवून दिलेल्या जागेवरूनच बघा. कुत्रा घरी ठेवा.

रात्री लाल उजेडाची बॅटरी वापरा. उलटा पडलेला क्रॅब दिसला तर कवचाच्या कडेला धरून सुलटा करा. शेपटीला धरून कधीही उचलू नका, ती मोडू शकते. तो चावत नाही, नांगीही मारत नाही.