उचलीपोटी अडकवलेल्या ऊसतोड मजुराची कायदेशीर सुटका कशी करावी

दसरा उलटला की पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर किंवा सीमेपलीकडे बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांच्या परिसरात पाच-सहा महिने कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत) राहतात. त्यांतली बहुसंख्य माणसे हिशेब पुरा करून परत येतात. काही जणांना मात्र, उचल (हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटली नाही या कारणावरून, कारखान्याचा पट्टा पडल्यानंतरही, म्हणजे हंगाम संपल्यावरही, सोडले जात नाही, किंवा नवरा-बायकोपैकी एकाला अडकवून दुसऱ्याला पैसे आणायला गावी पाठवले जाते. अशा वेळी गावात मागे राहिलेल्या शिकलेल्या माणसाने, मग तो शिक्षक असो, ग्रामसेवक असो की महाविद्यालयात जाणारा घरातला मुलगा असो, नेमके काय करावे हे येथे सांगितले आहे.

एक गोष्ट प्रथम पक्की समजून घ्यावी. उचल हे फार तर देणे असू शकते, आणि देणे वसूल करण्याची जागा दिवाणी न्यायालय आहे. त्यापोटी माणसाला रोखून धरण्याचा अधिकार टोळी जमवून नेणाऱ्या मुकादमाला, वाहतूक ठेकेदाराला किंवा कारखान्याला कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. संविधानाच्या अनुच्छेद 23 ने सक्तीची मजुरी निषिद्ध केली आहे आणि हा हक्क केवळ सरकारविरुद्ध नव्हे, तर खासगी माणसाविरुद्धही चालतो. सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करवून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच ठरते, असा निर्णय दिला. कारण भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच असते. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1930 चा करार (क्रमांक 29) भारताने 1954 साली मान्य केला आहे. स्थलांतरितांच्या हक्कांविषयी बोलताना निर्वासितांच्या 1951 च्या कराराचा उल्लेख अनेकदा होतो; पण तो देशाची सीमा ओलांडून आश्रय मागणाऱ्यांसाठी आहे आणि भारताने त्यावर सही केलेली नाही. आपल्याच देशात पोटासाठी फिरणाऱ्या मजुराचे संरक्षण आपल्या संविधानातून आणि आपल्या कायद्यांतून येते, म्हणून तेच हाताशी असावेत.

यातला सर्वांत उपयोगी कायदा 1976 चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे. आगाऊ रक्कम दिली गेली आणि त्या बदल्यात मजुराचे हिंडण्या-फिरण्याचे किंवा दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गेले, किंवा त्याला किमान वेतन मिळेनासे झाले, तर ती या कायद्याच्या अर्थाने वेठबिगारी होते. हातात बेडी असण्याची गरज नाही. वेठबिगारीपोटीचे कर्ज या कायद्याने रद्द होते, त्यासाठी लिहून घेतलेला करार निरर्थक ठरतो, आणि ते कर्ज वेठबिगारीपोटीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम 15 नुसार पैसे देणाऱ्यावर असते. पोलीस ठाण्यात ‘हा तुमचा आपसातला पैशाचा व्यवहार आहे’ असे उत्तर मिळाले, तर हेच कलम शांतपणे दाखवावे.

तयारी मात्र टोळी निघण्यापूर्वीच करावी लागते. उचल किती घेतली, कोणत्या तारखेला, रोख की खात्यावर, एका कोयत्याची (नवरा-बायको जोडीची) की अर्ध्या कोयत्याची (एकट्या माणसाची), हे एका वहीत लिहून त्यावर मुकादमाची सही घ्यावी. कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करू नये. सही आधीच झाली असेल, तर त्या कागदाचा फोटो काढून तो गावातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. ग्रामसेवकाकडे ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे. मुकादमाचे नाव, गाव व फोन, ट्रॅक्टरचा क्रमांक आणि कारखान्याचे नाव घरात लिहून ठेवावे. तोडणी सुरू झाली की प्रत्येक खेपेच्या वजनाच्या पावतीचा फोटो घरी पाठवण्याची सवय लावावी, कारण मजुरी टनावर असते आणि पावत्या मुकादमाकडे राहिल्या की हंगामाअखेर किती टन तोड झाली हे मजुराला सांगता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ मान्य झाली. ती आपल्या हिशेबात धरली आहे का, हे या पावत्यांशिवाय तपासता येणार नाही. आजारपणात किंवा बाळंतपणात काम बंद राहिले की ‘खाडा’ म्हणून जे पैसे कापले जातात, तेही तारखेनिशी लिहावेत. हिशेब न दाखवता केलेली अशी कपात हाच पुढे उचल न फिटण्याचा मार्ग असतो, असे माझे मत आहे.

माणूस अडकला आहे असे कळले, तर पहिला प्रश्न जीविताच्या धोक्याचा. मारहाण किंवा कोंडून ठेवणे चालू असेल तर 112 वर, आणि लहान मूल सोबत असेल तर 1098 वर फोन करावा. अडकलेल्या माणसाला फोन करता येत असेल तर त्याच्याकडून मोबाइलवरून ठिकाण मागवून घ्यावे. ते शक्य नसेल तर शेतकऱ्याचे नाव, गाव, जवळचे देऊळ किंवा कारखान्याचे गट कार्यालय एवढे कळले तरी शोध लागतो. त्याच वेळी गावाजवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवण्यास जावे. घटना दुसऱ्या जिल्ह्यात घडली म्हणून परत पाठवता येत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार हद्द न पाहता माहिती नोंदवून घ्यावी लागते. फिर्यादीत भारतीय न्याय संहितेची कलम 127 (बेकायदेशीर डांबून ठेवणे) आणि कलम 146 (सक्तीची मजुरी) नमूद करण्यास सांगावे. मजूर अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि अडकवणारा त्या वर्गातला नसेल, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. त्यात वेठबिगारी करवून घेणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

पोलिसांकडे गेलो म्हणजे काम झाले, असे समजू नये. सुटका करून मुक्ततेचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या उपविभागीय अधिकाऱ्यांचा आहे, आणि तोही माणूस जेथे अडकला आहे त्या जिल्ह्यातला. म्हणून अर्ज तेथे करावा आणि त्याची प्रत आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. अर्ज लांबवू नये. पुढील मजकूर पुरेसा होतो:

‘मा. जिल्हादंडाधिकारी यांस. माझा भाऊ व भावजय (नावे, वये, गाव) यांना (तारीख) रोजी (मुकादमाचे नाव) यांनी रु. … उचल देऊन (कारखाना) येथे ऊसतोडणीस नेले. हंगाम संपल्यावरही उचल बाकी असल्याचे सांगून त्यांना (ठिकाण) येथे रोखून धरले आहे, बाहेर जाऊ दिले जात नाही व मजुरीचा हिशेब दिलेला नाही. सोबत तीन व पाच वर्षांची मुले आहेत. वेठबिगारी निर्मूलन कायदा, 1976 च्या कलम 12 अन्वये तातडीने चौकशी करून त्यांची सुटका करावी, प्रत्येकाचा स्वतंत्र जबाब मुकादमाच्या अनुपस्थितीत घ्यावा, मुक्ततेचे प्रमाणपत्र द्यावे व पोलीस बंदोबस्तात घरी पोहोचवावे.’

जबाब स्वतंत्र घेण्याची विनंती कधीही गाळू नये, कारण मुकादम समोर उभा असताना ‘आम्ही राजीखुशीने थांबलो’ एवढेच मजुराच्या तोंडून निघते. टोळी कर्नाटकात असेल तर जबाब समजून घेण्यासाठी मराठी जाणणारा माणूस द्यावा, हेही अर्जात लिहावे. पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

याच टप्प्यावर तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 15100 या क्रमांकावरूनही संपर्क होतो. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि वेठबिगारीचे बळी यांना उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. प्रशासन हललेच नाही, तर हाच वकील उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची, म्हणजे अडकवलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करावे अशी, याचिका करू शकतो.

मुकादमाची बाजूही समजून घ्यावी, कारण काही जण दोघांकडून उचल घेऊन तिसऱ्याच टोळीत जातात आणि त्यात मुकादमाचे घर-शेत गहाण पडते. त्याचा तो तोटा खरा आहे आणि त्यासाठी तो दावा लावू शकतो. बाईला किंवा मुलाला ओलीस ठेवणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. म्हणूनच मध्यस्थांच्या बैठकीत ‘अर्धे पैसे द्या आणि माणूस घेऊन जा’ असा तोडगा निघाला, तरी तो स्वीकारू नये, असा माझा आग्रह आहे. त्या तोडग्याने माणूस घरी येतो, पण चौकशी होत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही आणि उरलेल्या पैशांसाठी पुढच्या दसऱ्याला तीच जोडी पुन्हा त्याच टोळीत उभी राहते.

मुक्ततेचे प्रमाणपत्र हाती आले की त्यात प्रत्येक प्रौढाचे नाव वेगळे आहे का, हे तेथेच पाहावे. बहुतेक वेळा पुरुषाचे नाव येते आणि बाईचे राहून जाते, जरी तोडलेला ऊस बांधणे, मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे आणि चूल सांभाळणे तिनेच केलेले असते. केंद्राच्या 2016 च्या पुनर्वसन योजनेत पुरुषाला 1 लाख, स्त्रिया व बालकांना 2 लाख आणि अतिगंभीर प्रकरणांत 3 लाख रुपयांची तरतूद आहे. पूर्ण रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असली, तरी 30,000 रुपयांपर्यंतची तातडीची मदत त्यासाठी थांबवता येत नाही. मुलांचे नाव हंगामाच्या मध्यात शाळेत घालताना दाखला मागितला गेला, तर दाखला नाही किंवा उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे.

अधिकाऱ्यांनी टाळाटाळ केली असेल तर राज्य किंवा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे मराठीत, साध्या कागदावर, विनाशुल्क तक्रार करता येते. ती घटनेपासून एका वर्षाच्या आत पोहोचायला हवी, आणि सोबत अर्जांच्या पोच पावत्या जोडलेल्या असाव्यात.