रमल कसं मांडायचं: सोळा ओळी, चार माता, एक न्यायाधीश

जन्मवेळ ठाऊक नाही, ग्रहगणिताची साधनं हाताशी नाहीत, आणि जहाज परत येईल का हे आजच कळायला हवं. मध्ययुगात अशा वेळी रमल, म्हणजे ठिपक्यांवरून भविष्य सांगायचा पट, मांडत. अरबीत रमल म्हणजे वाळू. वाळूत बोटाने ठिपके उठवायचे, त्यावरून हे नाव पडलं. 12व्या शतकात ह्यूगो ऑफ सांताला या अनुवादकाने स्पेनमधल्या अरागोनमध्ये ही विद्या अरबीतून लॅटिनमध्ये आणली. इथे दिलेली रीत लॅटिन परंपरेतली आहे.

आधी प्रश्न पक्का करा. ‘माझं पुढे काय होईल?’ हा प्रश्न कामाचा नाही. ‘वसंतात निघालेलं जहाज माल घेऊन परतेल का?’ असा हवा. मग न मोजता, उजवीकडून डावीकडे, ठिपक्यांच्या 16 ओळी काढा. सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. ओळ पाच-सहा ठिपक्यांचीच असली, तर नको म्हटलं तरी डोळा मोजतो आणि हात हव्या त्या आकड्यावर थांबतो. डझनभर किंवा त्याहून जास्त ठिपके पडू द्या. ते एकमेकांना चिकटू देऊ नका, नाहीतर मोजताना दोनाचा एक होतो.

आता मोजा. ओळीत विषम ठिपके असतील तर एक ठिपका ठेवा, सम असतील तर दोन. चार-चार ओळींची एक आकृती होते. अशा चार आकृती म्हणजे ‘माता’. समजा पहिल्या चार ओळींत 13, 10, 11, 15 ठिपके पडले, तर पहिली माता 1-2-1-1, म्हणजे प्युएला, ‘मुलगी’. पुढच्या तीन माता 2-2-1-2, 1-2-1-2 आणि 2-1-1-2 अशा आल्या असं धरू. त्या पहिलीच्या डावीकडे क्रमाने मांडा.

मातांच्या चार डोक्यांपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या ओळींपासून, पहिली ‘कन्या’ होते: 1-2-1-2. मानांपासून दुसरी 2-2-2-1, धडांपासून तिसरी 1-1-1-1, पायांपासून चौथी 1-2-2-2. नवीन ठिपका एकही नाही. उभं होतं तेच आडवं वाचलं.

यापुढे बेरीज. दोन आकृत्या शेजारी धरून ओळीला ओळ लावा. ठिपके सारखे असतील तर दोन, वेगळे असतील तर एक. चार माता आणि चार कन्या अशा आठ आकृत्यांच्या क्रमाने जोड्या लावून चार ‘भाच्या’ मिळतात: 1-2-2-1, 1-1-2-2, 1-2-1-1, 2-1-1-1. पहिल्या दोघींपासून उजवा साक्षीदार 2-1-2-1, उरलेल्या दोघींपासून डावा 1-1-2-2. दोन साक्षीदारांची बेरीज म्हणजे न्यायाधीश: 1-2-2-1.

न्यायाधीशाचे ठिपके मोजल्याशिवाय अर्थाला हात घालू नका. इथे सहा आहेत, म्हणजे ठीक. पाच किंवा सात आले तर कन्या मांडताना किंवा बेरीज करताना चूक झाली. मातांचे एकूण ठिपके जितके, तितकेच कन्यांचे. त्यामुळे आठ आकृत्यांची मिळून बेरीज नेहमी सम असते आणि तो समपणा न्यायाधीशापर्यंत उतरतो. म्हणून 16 पैकी आठच आकृत्या न्यायाधीश होऊ शकतात. चार मातांपासून एकूण 65,536 वेगवेगळे पट, म्हणजे पूर्ण मांडण्या, होतात, आणि ही तपासणी प्रत्येकाला लागू पडते. मात्र मातांचा क्रम डावीकडून धरल्यामुळे कन्या चुकल्या, तर ती चूक या तपासणीत सापडत नाही, कारण ठिपक्यांची संख्या तीच राहते.

ठिपके काढायचा कंटाळा असलेल्यांसाठी यंत्रही होतं. मुहम्मद इब्न खुतलुख अल-मौसिली याने 1241-42 मध्ये घडवलेलं एक धातूचं रमलयंत्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातल्या पट्ट्या सरकवल्या की माता दिसतात.

गणित पक्कं, अर्थ मात्र सैल. उजवा साक्षीदार विचारणाऱ्याचा आणि आजवर घडलेल्याचा, डावा विचारलेल्या गोष्टीचा आणि पुढच्याचा. आपल्या पटात उजवीकडे अक्विझिटिओ आहे, ‘प्राप्ती’. डावीकडे फोर्तुना मायनर, ‘लहान भाग्य’: लवकर येणारं, फार न टिकणारं यश. न्यायाधीश कार्सेर, ‘कारागृह’. राखून ठेवायच्या गोष्टीला तो बरा, प्रवासाला वाईट. जहाजाच्या प्रश्नाला याचा सरळ अर्थ असा, की माल हातचा जाणार नाही, पण जहाज कुठेतरी अडकून पडेल. हीच आकृती दुसऱ्या कुणी ‘परतणार नाही’ अशी वाचली तर त्याला खोडून काढायला शास्त्रात काही नाही. अरब इतिहासकार इब्न खल्दूनने 14व्या शतकात या विद्येवर टीका केली, आणि 7 मार्च 1277 ला पॅरिसच्या बिशपने रमलाच्या एका ग्रंथावर बंदी घातली. गंमत म्हणजे त्या ग्रंथाची सुरुवातच ‘भारतीय असं मानत’ अशी होती.

पहिल्या मातेच्या जागी रूबेउस (2-1-2-2) किंवा कौदा द्राकोनिस (1-1-1-2) आली, तर अनेक जाणकार पट मोडायला सांगत. तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा विचारायला बहुतेकांची मनाई होती, त्यामुळे मोडलेला पट दुसऱ्या दिवशी मांडावा. निकाल अर्धवट वाटला, तर न्यायाधीशात पहिली माता मिळवून सोळावी आकृती काढा. आपल्याकडे 2-2-1-2 येते: आल्बुस, ‘पांढरा’, धीराने घेणारा.